लाटण्याएवढा ट्रायपॉड

हॉटेलात शिरलं की बाकीचे लोक पंखा कुठे आहे ते बघतात. आमचे सर टेबल हलवून बघायचे. दोन्ही तळहात टेबलावर ठेवायचे, आधी आपल्याकडे जोर द्यायचा, मग समोरच्या बाजूला, मग तिरका. टेबल डगडगलं की त्यांच्या शर्टाच्या खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा निघायचा. त्या खिशात पेन एक आणि पुठ्ठे दहा-बारा. औषधाच्या खोक्याचे, लग्नपत्रिकेचे, मिठाईच्या बॉक्सचे, आणि तेही जाडीप्रमाणे लावलेले. मग सर गुडघ्यावर बसून नेमका पाय शोधणार, त्याखाली पुठ्ठा सरकवणार, पुन्हा उठून टेबल हलवणार आणि मगच बसणार. तोवर वेटर आमची ऑर्डर घेऊन गेलेला असायचा आणि आम्ही मेनूकार्डात तोंड खुपसून, हा माणूस आमच्याबरोबर नाही असं दाखवत असायचो.

"हलत्या टेबलावर माणूस धड जेवत नाही आणि खरंही बोलत नाही," असं त्यांचं मत होतं. पुरावा विचारला तर म्हणायचे, "मीटिंग रूमचं टेबल बघ."

शिरवण्याच्या बाजूला जो कारखान्यांचा पट्टा आहे, तिथे पंपांचे सुटे भाग बनवणारी आमची कंपनी. सर तिथल्या तपासणी विभागाचे प्रमुख. मूळचे कोरेगावकडचे, पण नोकरीचा सगळा काळ नवी मुंबईतच गेलेला. मी डिप्लोमा करून तिथे लागले. पहिल्या दिवशी मी दारात उभी, तर त्यांनी एका स्टुलाकडे बोट दाखवलं.

"बस. हलतंय का?"

"नाही सर."

"का हलत नाही?"

मी म्हटलं, नवीन असेल. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की डिप्लोमा कॉलेजात परत नेऊन द्यावा असं मला वाटलं.

"खाली बघ. पाय किती? तीन. तीन पाय जगात कुठंही टेकतात. दगडावर टेकतात, ढेकळावर टेकतात. चौथा आला की भांडण आलं. चौघांना सारखी जमीन कुठनं मिळायची?"

हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. विभागातली सगळी स्टुलं तीन पायांची. सीवूड्सच्या त्यांच्या घरातही सुतार बसवून करून घेतलेल्या तिवयाच. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा वर्गणीचं बोलायला आले, ऐटीत कडेला टेकले आणि स्टुलासकट आडवे झाले. तीन पायांची वस्तू डगडगत नाही हे खरं, पण कडेला बसलं तर उलटते, एवढं मात्र सर कुणाला आधी सांगत नसत. "ज्याला मधे बसता येत नाही त्यानं उभं राहावं," म्हणाले, आणि सेक्रेटरींना हात देऊन उठवलं.

माणसं मोजायचं मापही हेच. एखाद्याबद्दल विचारलं की, "हुशार आहे, पण बुडात खेळ आहे." खेळ म्हणजे जोडामधली सैल जागा. मला स्थळं यायला लागली तेव्हा त्यांनी गंभीरपणे सल्ला दिला होता, "मुलगा घरी आला की तिवईवर बसव. जो काही न बोलता मधे सरकून बसतो, त्याला होकार दे." मी तसं काही केलं नाही. पण आमच्याकडे आलेल्या एकाने सोफ्याचा हात धरून तो हलवून बघितला, तेव्हा मी त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि आता तोच माझा नवरा आहे.

सरांना फोटोंचा नाद होता. एक जुना, काळा, वजनदार कॅमेरा होता. सत्यनारायण असो, पिकनिक असो, फोटो सरच काढणार. कोपर बरगड्यांना टेकवायचे, श्वास अर्धा सोडून थांबवायचे, आणि आम्ही हसून हसून गाल दुखेपर्यंत उभे. कुणी म्हणालं, "सर, द्या, मी काढतो," तर उत्तर ठरलेलं, "तुझ्या हातात खेळ आहे." आणि त्यांचा हात खरोखरच तसा होता. पापणी न हलवता ते मायक्रोमीटर धरायचे आणि केसाच्या जाडीतला फरक सांगायचे. आमच्याकडे डिजिटल यंत्रं आली तरी वाद झाला की सगळे सरांचा हात मागायचे.

आणि अशा माणसाचा हात हलायला लागला.

कधीपासून ते कुणालाच सांगता यायचं नाही, कारण त्यांनी ते फार हुशारीने लपवलं. आधी चहा अर्धा कप सांगायला लागले. मग मायक्रोमीटर माझ्या हातात द्यायला लागले, "तू बघ, माझा चष्मा बदलायला झालाय." एक दिवस म्हणाले, आपल्या ग्रॅनाइटच्या टेबलाला कंप आहे, प्रेसचे हादरे येतात, पाया तपासायला सांग. ग्रॅनाइटचं टेबल म्हणजे आमचं देवघर. मापं घ्यायचा काळ्या दगडाचा तो जाड ठोकळा अख्ख्या नवी मुंबईत सगळ्यात सपाट असेल असं आम्ही गमतीने म्हणायचो. मेंटेनन्सच्या लोकांनी दोन दिवस पाया तपासला. पाया ठणठणीत होता.

त्याच संध्याकाळी मी विसरलेला फोन घ्यायला परत आले. सर एकटे होते. डाव्या हाताने त्यांनी उजवं मनगट घट्ट धरलं होतं आणि त्या दगडावर दाबून ठेवलं होतं, जणू ते मनगट दुसऱ्याच कुणाचं आहे. मी पाऊल न वाजवता मागे फिरले. फोन राहिला तर राहिला. काहीतरी बोलायला हवं होतं हे मला आजही वाटतं.

पुढे सात-आठ महिन्यांत ते निवृत्त झाले. निरोपसमारंभाला कॅमेरा आणला नव्हता. "बॅटरी संपली," म्हणाले. आदल्या रात्रीच बॅटरी चार्ज करून ठेवण्यात ज्यांची हयात गेली, ते.

त्यानंतरचं मला काकूंकडून कळलं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. बुटक्या, ठसठशीत, बोलायला लागल्या की समोरच्याने आपला मुद्दा गुंडाळून ठेवावा. एका रविवारी त्यांचा फोन आला.

"आगं, जरा येऊन जा. तुझ्या सरांनी माझ्या घराचं कुरियर ऑफिस केलंय."

गेले. बैठकीच्या खोलीत दारापासून भिंतीपर्यंत लांबट खोकी, आणि मधोमध कॅमेऱ्याचा तीन पायांचा एक ट्रायपॉड उभा. त्याच्या माथ्यावर पाण्याने काठोकाठ भरलेली स्टीलची वाटी. सर हातात घड्याळ घेऊन वाकलेले. त्यांनी ट्रायपॉडच्या पायाला टिचकी मारली आणि वाटीतल्या लाटा थांबेपर्यंतचे सेकंद मोजले.

"नापास," म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघून, "आलीस व्हय. बस."

प्रकरण असं होतं. काकूंनी हिमाचलची बारा दिवसांची दोन तिकिटं काढली होती. ग्रुप टूर, वीसेक माणसं. "लग्नाला छत्तीस वर्षं झाली," काकू मला स्वयंपाकघरात सांगत होत्या, "दर सुट्टीला ह्यांचं ऑडिट. आता मला बर्फ बघायचाय. फ्रीजमधला सोडून." सर नाही म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, कॅमेऱ्याशिवाय मी येणार नाही, आणि आता हातात धरून फोटो येत नाहीत, तेव्हा चांगला ट्रायपॉड मिळाला की येतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जिवाला काही धोका नाही, नुसता कंप आहे, गोळ्यांनी थोडा कमी होईल, पूर्ण जाणार नाही. सरांनी ते ऐकून घेतलं होतं आणि घरी येऊन ट्रायपॉड मागवायला सुरुवात केली होती.

काकूंची अट एकच होती. सामान त्या दोघांनाच उचलायचं होतं, तेव्हा ट्रायपॉड बॅगेत मावला पाहिजे. किती लांबीचा, असं सरांनी विचारलं तेव्हा त्यांनी पोळपाटावरचं लाटणं उचलून पुढे केलं होतं. त्या दिवशी त्यांनी मला आतल्या खोलीत नेऊन बॅग दाखवली. स्वेटर, मफलर, कानटोप्या, आणि दोन स्वेटरांच्या मधे टॉवेलात गुंडाळलेलं लाटणं.

"जागा धरून ठेवलीय," म्हणाल्या. "महिना झाला. मी शेजारनं लाटणं मागून पोळ्या करतेय."

आता लहान आणि स्थिर हे दोन्ही एकत्र मिळणं अवघड असतं, हे मलाही कळत होतं. ट्रायपॉड लाटण्याएवढा मिटायचा तर त्याच्या पायांच्या नळ्या चार-पाच तुकड्यांच्या हव्यात. तुकडे वाढले की जोड वाढले, आणि प्रत्येक जोडात थोडा खेळ. शिवाय शेवटची नळी पेन्सिलीएवढी बारीक. मधला दांडा वर ओढून उंची मिळवायची म्हटलं तर सगळं मुसळ केरात. हलका घ्यावा तर वाऱ्याने हलतो, जड घ्यावा तर काकूंचा खांदा दुखतो. सरांनी पाच मागवले आणि पाचही नापास केले; काही परत गेले होते, काही कुरियरची वाट बघत खोलीत पडले होते. परत पाठवताना प्रत्येक खोक्यात एक टाइप केलेला तपासणी अहवाल. 'डाव्या पायाचे तिसरे कुलूप सैल. माथ्याचा गोळा घट्ट केल्यावरही किंचित सरकतो. वाटीतील पाणी स्थिर होण्यास अकरा सेकंद. अस्वीकृत.' तो अहवाल वाचून कुठल्या गोदामात कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं असेल, देव जाणे.

सहावाही मी बसले असतानाच नापास झाला. त्याचे पाय उलटे वर दुमडून माथ्याभोवती मिटायचे आणि बरोबर लाटण्याएवढा व्हायचा. मला तर तो आवडला होता. पण सरांनी त्याच्या पिशवीची चेन अडकते म्हणून त्याला काट मारली. पिशवीची चेन! आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एकही ट्रायपॉड पास होणार नव्हता. पास झाला असता तर सरांना जावं लागलं असतं. वीस अनोळखी माणसांबरोबर बारा दिवस जेवायचं, सूपचा चमचा तोंडापर्यंत न्यायचा, बसमध्ये कुणी चहाचा ग्लास पुढे केला तर तो सगळ्यांसमोर धरायचा. आयुष्यभर दुसऱ्यांना "हलतंय" म्हणणाऱ्या माणसाला ते मरणाहून अवघड वाटत होतं.

मी हळूच काकूंना हे सांगितलं. त्यांनी कढईतली भाजी परतत माझ्याकडे बघितलंही नाही. "मला काय कळत नाही व्हय? पण तोंडावर कसं बोलायचं? मी जाणार हे नक्की. ह्यांच्याबरोबर, नाहीतर ह्यांच्याशिवाय." मग कढईवर झाकण ठेवून म्हणाल्या, "पण ह्यांच्याशिवाय गेले आणि हे चार भिंतीत बसले, तर पुन्हा बाहेर काढायचं कुणी?"

निघायला दहा दिवस होते. मी बाहेर येऊन म्हटलं, "सर, सहावा परत पाठवू नका. वाटीवर काय तपासता? आपल्या ग्रॅनाइटवर तपासू."

ग्रॅनाइटला नाही म्हणणं सरांना जमणार नव्हतं. नव्या साहेबांची परवानगी काढून शनिवारी दुपारी त्यांना मी विभागात घेऊन आले. त्यांनी दगड स्वतः पुसला. ट्रायपॉड उभा केला, माथ्याला डायल गेज, म्हणजे बारीकशी हालचालही सुईवर दाखवणारं माप, लावला, टिचकी मारली. सुई थरथरली आणि शून्यावर परत आली. पुन्हा मारली, पुन्हा शून्य. एकेक पाय लांब केला, आखूड केला, माथ्यावर कॅमेऱ्याच्या दुप्पट वजन ठेवलं. तास झाला, दीड तास झाला. दोष सापडेना. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद असायला हवा होता. तिथे चोरी पकडल्यासारखा भाव होता.

"इथे पास," ते सावकाश म्हणाले. "पण बाहेर?"

"बाहेर कुठे, सर?"

"जिथं वापरायचा तिथं. उघड्यावर."

"मग उद्या सकाळी आमच्या करावे गावात चला. ओहोटी आहे. फ्लेमिंगो पण दिसतील."

मी करावे गावची. आमच्या आधीच्या पिढ्या शेती आणि खाडी दोन्हींवर जगल्या. आता शेताच्या जागी इमारती आहेत, पण खाडी अजून आहे. माझे मोठे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, सत्तरी ओलांडलेले. तीन मजले भाड्याने दिलेत, पोटाची काही चिंता नाही, तरी रोज ओहोटीला पाग घेऊन, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं घेऊन, खाडीत गेल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. त्या सकाळीही ते तिथेच होते, बांधालगत उरलेल्या पाण्याच्या पट्ट्याशी चिखलात पाय रोवून जाळं धूत होते. मी सरांची आणि काकूंची ओळख करून दिली. ते नुसती मान हलवून पुन्हा जाळ्याकडे वळले.

पाणी पार मागे गेलं होतं आणि लांबवर गुलाबी पक्ष्यांची रांगच्या रांग माना खाली घालून खात होती. सरांनी बांधावरून चिखलात उतरून ट्रायपॉड उभा केला. अगदी ग्रॅनाइटवर करतात तसा. तिन्ही पाय मोजून सारखे, पातळी दाखवणारा मधला बुडबुडा बरोबर वर्तुळात. कॅमेरा त्यांनी घरूनच बसवून आणला होता, तो का, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. ते भिंगातून बघायला लागले.

"पक्षी वर चाललेत," ते म्हणाले.

"खातायत की ते," काकू म्हणाल्या. "कुठं चाललेत?"

"फ्रेममध्ये वर चाललेत. सावकाश. म्हणजे कॅमेरा खाली येतोय." त्यांनी डोळा काढला. "माथ्यात खेळ आहे. वजन घेत नाही. नापास."

हा शब्द उच्चारताना त्यांचे खांदे सैल झाले. सुटका झाली होती त्यांची. "चला," म्हणाले आणि कॅमेरा सोडवायला लागले.

काकू बांधावरच्या दगडावर बसल्या. रागावल्या नाहीत, आवाज चढवला नाही. "ठीक आहे," म्हणाल्या. "मग मी एकटीच जाते." छत्तीस वर्षं ज्या बाईने प्रत्येक वाद जिंकला होता तिने हा असा सोडून दिला, आणि मला एकदम भीती वाटली.

"सायेब," मोठे काका पाण्याशी उभे राहूनच म्हणाले, "डोकं बरा हाय त्याचा. पाय बगा."

आम्ही बघितलं. ट्रायपॉडचे तिन्ही पाय चार-चार बोटं चिखलात गेले होते, पुढचा तर त्याहूनही जास्त, आणि अजून जातच होते. ज्या माणसाने सहा ट्रायपॉडांच्या एकेका स्क्रूचा पंचनामा केला होता, त्याने आयुष्यात एकदाही ते दगडाशिवाय आणि फरशीशिवाय कशावर उभे केले नव्हते. मला हसू आलं आणि मी ते गिळलं.

मोठे काका चिखल तुडवत आले. "चिकलात कंचीबी वस्तू पयली खाली जाते. जाऊ द्याची. आमी खुंट मारतो त्या दिशी जालं बांदीत नाय. दुसरे दिशी बांदतो. त्याला त्याची जागा घावली की मंग ऱ्हातो उबा." त्यांनी एकेका पायावर अंगाचा भार टाकून तो खाली दाबला, अडला तिथे सोडला. "आता हलवून बगा."

सरांनी तळहात ठेवून जोर दिला. आपल्याकडे, समोर, तिरका. ट्रायपॉड जागचा हलला नाही. त्यांनी अर्धवट सोडवलेला कॅमेरा पुन्हा बसवायला घेतला, आणि इथे अडलं. कॅमेऱ्याखालची पट्टी माथ्यावरच्या खाचेत सरकवायची होती. हात थरथरत होता. पट्टी एकदा इकडे लागे, एकदा तिकडे. काकूंनी आणि मी सवयीने माना वळवल्या आणि पक्षी बघायला लागलो. गेले कित्येक महिने आम्ही सगळे हेच करत होतो.

मोठ्या काकांनी मान वळवली नाही. "हात हलतं काय तुमचा?" त्यांनी विचारलं.

काकूंनी माझा दंड धरला.

"हलतो," सर म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं.

"माजा पन हलतं. सा वर्सां झाली. ह्यो बगा." त्यांनी ओला हात पुढे केला. तो सरांच्या हातापेक्षा जास्त हलत होता, बोटांवरून पाण्याचे थेंब उडत होते. माझ्या सख्ख्या काकांचा हात, आणि तो हलतो हे मला तोवर दिसलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

सरांनी तो हात बारकाईने बघितला. "मग जाळं कसं टाकता?"

"जालं हातानी नाय टाकाचा. कंबरंनी टाकाचा. हात निस्ता सोरतो."

"दाखवा."

मोठ्या काकांनी जाळ्याचा घोळ उचलला, पाण्याच्या कडेला गेले, कमरेतून वळले आणि जाळं सोडलं. ते हवेत गोल उघडून पाण्यावर पसरलं.

"परत," सर म्हणाले.

तीनदा त्यांनी ते दाखवायला लावलं. प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूला उभे राहून बघितलं. मग येऊन कोपर पोटाशी दाबलं, हाताऐवजी सगळं अंग पुढे नेलं आणि पट्टी खाचेत ढकलली. दुसऱ्या प्रयत्नात ती बसली. फोटो मात्र त्यांनी कॅमेऱ्याला हात न लावता, टायमर लावून काढला.

त्यानंतर ते दोन म्हातारे बांधावर बसले ते उठायलाच तयार नाहीत. मोठ्या काकांनी आमच्या घरून चहा मागवला. सरांनी "अर्धा" म्हटलं. मोठे काका म्हणाले, "मी पन अर्दाच घेतो. दोनदा घेतो." सर हसले. मग दाढी कशी करता, सही कशी करता, गर्दीत पैसे देताना काय करता, पहाटे जास्त हलतो की रात्री, अशी चौकशी सुरू झाली. सरांनी खिशातून पेन काढून पुठ्ठ्यावर काहीतरी टिपूनही घेतलं, वाकड्यातिकड्या अक्षरात, कुणी बघतंय याची फिकीर न करता. एखाद्या बिघडलेल्या मशीनबद्दल दोन जाणते मेकॅनिक बोलतात तसं ते बोलत होते.

"वर्षभरात माझ्याशी ह्यातलं अक्षर बोलले नाहीत," काकू मला म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले. इतके दिवस आम्ही त्यांना जपत होतो, आणि ते जपणंच त्यांना एकटं पाडत होतं.

निघताना सरांनी ट्रायपॉडचे पाय धुतले, पुसले, उलटे दुमडून मिटले. "बॅगेत जागा आहे?" त्यांनी काकूंना विचारलं.

"लाटणं काढलं की झाली," काकू म्हणाल्या.

ते गेले. पहिले चार दिवस काहीच बातमी नव्हती, आणि मी उगाच नाही नाही ते मनात आणत होते. मग काकूंचे फोटो यायला लागले. बर्फ, बर्फाजवळ काकू, बर्फ हातात घेतलेल्या काकू. सगळे खणखणीत स्पष्ट. ग्रुपमधल्या कुणाच्या तरी ट्रायपॉडचा एक पाय अडकला होता तो सरांनी दुरुस्त केला, बसमधल्या एका आजोबांच्या काठीला नवं रबर बसवलं, अशा बातम्याही होत्या. सूपचं विचारायचं मला धाडस झालं नाही. काकूंनीच लिहिलं, 'सूप कपातून पितात. आता आमच्या टेबलावर सगळेच कपातून पितात.'

शेवटच्या दिवशी सरांनी स्वतः एक फोटो पाठवला. ऊन उतरलेलं, मागे डोंगर, आणि अख्खा ग्रुप दोन ओळींत उभा. टायमर लावून सरही जाऊन उभे राहिले होते, काकूंच्या शेजारी. उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याने फोटो घ्यायला जरा जास्त वेळ घेतला असणार. डोंगराची कड सुरीसारखी स्पष्ट, वीस चेहरे स्पष्ट, काकूंच्या कानटोपीची लोकरसुद्धा मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. आणि सरांच्या उजव्या बाजूला, जिथे हात असतो तिथे, नुसता एक धुरकट पट्टा.

मी लगेच फोन केला. बोलले मात्र कामाचंच. "सर, फोटो एकदम स्टेडी आहे. फक्त तुमचा हात हललाय. दुसरा काढला नाहीत?"

"कशाला?" सर म्हणाले. "माझाच आहे तो हात."